भाड्याने द्यायचं घर

गेल्या दिवाळीत माझी भाची एका फ्लॅटची माहिती लिहिलेला कागद घेऊन घरी आली. वारज्यातला फ्लॅट, रीसेलचा, साठ लाखांचा. "मावशी, वीस हजार भाडं सहज येतं म्हणे तिथे. थोडे माझे घातले की हप्ता निघेल." कागदावर दोनच आकडे होते, किंमत आणि भाडं. आम्ही जेवणाचं टेबल पुसलं आणि वही घेऊन बसलो. गेली चौदा वर्षं मी पुण्यातला एक फ्लॅट भाड्याने देते आहे. मधल्या काळात जे आकडे मला कोणी आधी सांगितले नाहीत, ते तिला आधी कळावेत अशी माझी मनापासून इच्छा होती. त्या रात्री वहीत जे मांडलं, तेच इथे मांडते.

पहिला प्रश्न हातातल्या पैशांचा. बँक पूर्ण किंमत देत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कर्ज ३० लाखांपर्यंत असेल तर घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला ८० टक्क्यांपर्यंत आणि त्यापुढे ७५ टक्क्यांपर्यंतच मिळतं. म्हणजे साठ लाखांच्या फ्लॅटला जास्तीत जास्त ४८ लाख. उरलेले बारा लाख आपले. पण गोष्ट बारावर थांबत नाही, कारण मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी बँक किमतीत धरत नाही. पुण्यात मुद्रांक शुल्क सगळं मिळून ७ टक्के आहे, म्हणजे ४ लाख २० हजार. फ्लॅट फक्त बाईच्या नावावर असेल तर एक टक्का सूट, म्हणजे साठ हजार वाचतात. भाचीने ते लगेच वहीत टिपलं. नोंदणी फी ३० हजार. रीसेल असल्यामुळे जीएसटी नाही. बांधकाम चालू असलेला फ्लॅट घेतला तर तोही पाच टक्के धरावा लागतो. एजंटची दलाली, वकिलाचा सर्च रिपोर्ट, रंग, पंखे, गीझर, ओट्याखालच्या ट्रॉल्या हे सगळं धरलं तर हातातून साधारण १९ लाख जातात. एक आकडा खर्चाचा नाही, पण जबाबदारीचा आहे. किंमत पन्नास लाख किंवा त्याहून जास्त असेल तर विकणाऱ्याला द्यायच्या रकमेतून एक टक्का टीडीएस कापून तो सरकारात भरणं हे घेणाऱ्याचं काम असतं. ते विसरलं तर व्याज आणि दंड घेणाऱ्याच्याच माथी येतो.

आता हप्ता. ४८ लाख, साडेआठ टक्के, वीस वर्षं. महिन्याला ४१,६५६ रुपये. मी तिला पहिल्या महिन्याचा हप्ता फोडून दाखवला. त्यातले ३४,००० व्याजाचे आणि ७,६५६ मुदलाचे. पहिल्या वर्षात आपण जवळजवळ पाच लाख भरतो आणि त्यातले चार लाखांहून जास्त व्याजात जातात. कर्ज पंचाण्णव हजारांच्या आसपासच कमी होतं. हे बँक लपवत नाही, परतफेडीच्या तक्त्यात लिहिलेलंच असतं. पण तो तक्ता सहीच्या दिवशी कोणी उघडून बघत नाही.

मग भाडं. वीस हजार गुणिले बारा, दोन लाख चाळीस हजार. इथेच बहुतेकांचा हिशेब संपतो, आणि माझं म्हणणं असं की इथून तो सुरू करायला हवा. वर्षात बाराच महिने भाडं येईल असं धरू नये, अकरा धरावेत. एक माणूस जातो, दुसरा यायला वेळ लागतो, मधे रंग द्यावा लागतो, किंवा एजंटला एक महिन्याचं भाडं जातं. पुण्यात मे-जून हा माणसं बदलण्याचा हंगाम. त्यात घर रिकामं झालं तर आठवड्यात जातं, ऐन पावसाळ्यात झालं तर महिना-दीड महिना कुलूप राहू शकतं. तेव्हा दोन लाख वीस हजार. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स, समजा महिना २,८००. मिळकतकर, समजा वर्षाला बारा हजार. किरकोळ दुरुस्त्यांसाठी महिना हजार रुपये बाजूला. शिवाय नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, म्हणजे घरात सभासद स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते ती रक्कम. राज्य सरकारच्या १ ऑगस्ट २००१ च्या निर्णयानुसार ती सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही, आणि सेवा शुल्कात महापालिकेचे कर धरायचे नसतात. तरीही मनाला येईल तो आकडा लावणाऱ्या सोसायट्या आहेत. बिल नीट वाचावं, आणि जास्त लावलं असेल तर लेखी पत्र द्यावं. भांडण नको, पण पत्र हवंच.

मिळकतकराबद्दल पुणे महापालिकेच्या हद्दीत एक गोष्ट माहीत असायला हवी. स्वतःच्या राहत्या घराला इथे चाळीस टक्क्यांची सवलत मिळते, ती घर भाड्याने दिलं की मिळत नाही. म्हणून विकणाऱ्याच्या जुन्या बिलावरचा आकडा आपला धरायचा नाही. तो स्वतः तिथे राहत असेल तर ते बिल सवलतीचं असतं.

सगळं वजा केल्यावर वर्षाचे एक लाख साठ हजार उरले. साठ लाख किमतीवर आणि साडेचार लाख शुल्कावर ते अडीच टक्क्यांच्या आत येतात. कर्ज साडेआठ टक्क्यांचं. आणि वर्षाचे हप्ते पाच लाख. भाचीने वजाबाकी केली. तीन लाख चाळीस हजार, महिना अठ्ठावीस हजारांच्या वर. हे दर महिन्याला तिच्या पगारातून जाणार. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे घेऊच नको?"

मी तसं म्हटलं नाही. ती अठ्ठावीस हजारांची तूट परवडत असेल, वीस वर्षं त्या भागात राहायला माणसं येत राहतील असा विश्वास असेल आणि पुढेमागे स्वतः राहायला जायचाही विचार असेल, तर घर घ्यायला हरकत नाही. भाडं वाढत जातं, हप्ता साधारण तेवढाच राहतो, त्यामुळे तूट वर्षागणिक कमी होते. पण "भाड्यातून हप्ता फिटतो" हे वाक्य आपल्या शहरांतल्या आजच्या किमतींना लागू नाही. घर घ्यायचं तर तुटीचा आकडा डोळ्यांसमोर ठेवून घ्यावं.

हप्ता साधारण तेवढाच राहतो म्हटलं, पण त्यातही मेख आहे. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची बदलत्या व्याजदराची नवी गृहकर्जं बाहेरच्या दराशी, बहुतेक वेळा रेपो दराशी, जोडलेली असतात. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या दहा महिन्यांत रेपो ४ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर गेला. २०२२ च्या सुरुवातीला पावणेसात टक्क्यांनी ४८ लाख घेतलेल्या माणसाचा हप्ता ३६,४९७ रुपये होता. दर सव्वानऊ झाल्यावर तेवढ्याच कर्जाचं नुसतं व्याज ३७,००० होतं. बँकांनी हप्ता तोच ठेवून मुदत वाढवत नेली, आणि कित्येकांना उशिरा कळलं की आपला सगळा हप्ता व्याजातच जातो आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं की दर बदलताना कर्जदाराला विचारा, हप्ता वाढवायचा की मुदत की दोन्ही. तरीसुद्धा वर्षातून एकदा खात्याचा उतारा काढून मुद्दल खरंच उतरतं आहे ना ते आपणच बघावं. बदलत्या दराच्या गृहकर्जावर वैयक्तिक कर्जदाराला मुदतीआधी फेडण्याचा दंड नसतो. वर्षाला एक हप्ता जास्तीचा भरला तर वरच्या उदाहरणातलं वीस वर्षांचं कर्ज साधारण साडेसोळा वर्षांत संपतं. बोनस आला की आधी तिकडे, हा माझा आग्रह आहे.

प्राप्तिकराचं थोडक्यात सांगते. मिळालेल्या भाड्यातून भरलेला मिळकतकर वजा होतो. उरलेल्या रकमेतून तीस टक्के सरसकट वजावट मिळते; दुरुस्तीवर एक रुपया खर्च केला असो वा नसो. मग कर्जावरचं व्याज. आपल्या उदाहरणात २,२०,००० मधून बारा हजार गेले, उरले २,०८,०००. तीस टक्के गेल्यावर १,४५,६००. आणि व्याज चार लाखांवर. म्हणजे घरातून तोटा. जुन्या करप्रणालीत यातले दोन लाखांपर्यंत पगारातून वजा करता येतात, उरलेला तोटा आठ वर्षं पुढे नेऊन घराच्याच उत्पन्नातून वजा होतो. नव्या प्रणालीत भाड्यावर कर लागणार नाही इतकंच, तोटा पगारातून वजा होत नाही. आता मुळात नवी प्रणालीच लागू असते, जुनी मागून घ्यावी लागते. त्यामुळे "कर वाचतो म्हणून दुसरं घर" हा सल्ला पूर्वीइतका खरा राहिलेला नाही.

आता कागदपत्रांकडे येते, कारण माझ्या मते घर भाड्याने देण्यातला सगळ्यात मोलाचा भाग हाच आहे.

माझ्या वडिलांच्या पिढीत रिकामं घर कुलूप लावून ठेवत, पण भाड्याने देत नसत. "भाडेकरू ठेवलास तर घर गेलं" असं ते ठामपणे सांगायचे. त्या भीतीला कारण होतं. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी गोठवली; प्रमाण भाड्यासाठी आधार १ सप्टेंबर १९४० चा. भाडं वाढवता येईना, माणूस काढता येईना. त्यातून वाट काढायला मालक मंडळींनी भाडेकरार सोडून 'लिव्ह अँड लायसन्स' सुरू केलं, म्हणजे घर भाड्याने दिलं नाही, नुसती वापरायची परवानगी दिली. पण कायदा दुरुस्त झाला आणि १ फेब्रुवारी १९७३ ला अशा परवानगीवर राहत असलेल्यांनाही भाडेकरूचं संरक्षण मिळालं. ज्यांनी विश्वासाने घर दिलं होतं त्यांना ते परत मिळेना. ती धास्ती घराघरांत पुढे पंचवीस-तीस वर्षं टिकली.

३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ ने हे बदललं. राहण्यासाठी लायसन्सवर दिलेल्या घराची मुदत संपली की कलम २४ प्रमाणे मालकाला ताबा मागता येतो. त्यासाठी दिवाणी कोर्टात वर्षानुवर्षं जायचं नाही, सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. मुदतीनंतर जो राहतो, त्याला ठरलेल्या रकमेच्या दुप्पट भरपाई द्यावी लागते. आणि लेखी करारात जे लिहिलं आहे, तो त्या बाबींचा निर्णायक पुरावा मानला जातो.

पण हे संरक्षण कागदावर उभं आहे. त्याच कायद्याचं कलम ५५ सांगतं की करार लेखी हवा, नोंदलेला हवा, आणि नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची. नोंदवला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याहून मोठं म्हणजे वाद झाला तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरू सांगेल ते खरं धरलं जातं, आपण उलट सिद्ध करेपर्यंत. अजूनही लोक शंभर किंवा पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर नोटरी करून घेतात आणि "अकरा महिन्यांचाच आहे, नोंदणी लागत नाही" असं सांगतात. अकरा महिन्यांची ही सवय नोंदणी कायद्यातून आली, तिथे वर्षाच्या वरच्या भाडेपट्ट्यालाच नोंदणी सक्तीची आहे. महाराष्ट्रात लायसन्सचा करार अकरा महिन्यांचा असो की तीन महिन्यांचा, नोंदवायलाच हवा. मुदत साठ महिन्यांपर्यंत ठेवता येते. मी चोवीस महिन्यांचा करते.

खर्चाचं भय बाळगू नये. एकूण भाडं आणि डिपॉझिटवरचं वर्षाला दहा टक्के मानीव व्याज, यांच्या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क. पहिलं वर्ष २० हजार, दुसरं २१ हजार आणि डिपॉझिट ६० हजार धरलं तर बेरीज ५,०४,००० होते आणि शुल्क १,२६० रुपये. शहरी भागात नोंदणी फी हजार रुपये. शिवाय घरी येऊन अंगठे घेणाऱ्या एजंटची फी. तो छोटं मशीन आणि लॅपटॉप घेऊन येतो, मालक, भाडेकरू आणि साक्षीदारांचे आधारवर ठसे घेतो, फोटो काढतो, अर्ध्या तासात काम होतं. नोंदलेला करार आला की त्याची प्रत सोसायटीला द्यायची आणि पोलिसांच्या संकेतस्थळावर भाडेकरूची माहिती भरायची.

परदेशातल्या मालकांसाठी एवढंच की अनिवासी मालकाला भाडं देताना भाडेकरूला टीडीएस कापावा लागतो, तीस टक्के आणि वर उपकर, मिळून ३१.२ टक्के. भाडं कितीही कमी असलं तरी. भाडेकरूला त्यासाठी टॅन नंबर काढावा लागतो. हे आधी बोलून घेतलं नाही तर दोघांनाही नोटीस येते. माझी एक मैत्रीण न्यू जर्सीत असते, तिचा कोथरूडचा फ्लॅट तिचा भाऊ कुलमुखत्यारपत्रावर सांभाळतो. भाडेकरूला पहिल्याच भेटीत तो ही गोष्ट समजावून सांगतो.

करारातल्या अटींपैकी मला एक फार महत्त्वाची वाटते, ती वस्तूंची यादी. माझा पहिला भाडेकरू तीन वर्षांनी गेला तेव्हा हॉलच्या भिंतीला खिळ्यांची सात भोकं होती आणि किचनची एक ट्रॉली मोडली होती. मी डिपॉझिटमधून आठ हजार कापले. तो शांतपणे म्हणाला, "ताई, आत आलो तेव्हा ट्रॉली कशी होती हे कुठे लिहिलं आहे?" कुठेच लिहिलं नव्हतं. त्याचं बरोबर होतं, मी पैसे परत केले. तेव्हापासून चावी देण्याच्या दिवशी मी आणि भाडेकरू खोलीखोलीतून हिंडतो, नळ सोडून बघतो, प्रत्येक बटण दाबतो, वीजमीटरचा फोटो काढतो, आणि यादीवर दोघं सही करतो. रंगाचा खर्च कोणाचा, किती वर्षं राहिल्यावर कोणाचा, तेही करारात लिहितो.

घर चालवणं म्हणजे काय हे मला एका पावसाळ्यात खालच्या मजल्यावरच्या काकूंनी शिकवलं. त्यांच्या बाथरूमच्या छताला ओल आली. ओल पावसाची नाही, तुमच्या न्हाणीची आहे, असं त्यांचं म्हणणं. माझा प्लंबर आला, त्याने नहाणी ट्रॅपमध्ये फडकं कोंबलं, बाथरूममध्ये दोन बोटं पाणी भरलं आणि त्यात नीळ कालवली. भाडेकरू कुटुंबाने तो दिवस समोरच्यांच्या बाथरूमवर काढला. दुसऱ्या दिवशी दुपारी काकूंनी हाक मारली. त्यांच्या छताच्या कोपऱ्यात बोटभर निळसर डाग उमटला होता. मग फरशी फोडली, ट्रॅपभोवतीचं वॉटरप्रूफिंग नव्याने केलं, चार दिवस धूळ. काकूंच्या छताचा रंग मी दिला, कारण आतल्या गळतीचा खर्च त्या फ्लॅटच्या सभासदाचा असतो. भाडेकरूचं आठवड्याचं भाडं सोडलं. एकूण एकवीस हजार गेले. वरच्या हिशेबात मी "दुरुस्ती, महिना हजार" लिहिलं, त्याच्यामागे हा पावसाळा आहे. ते हजार रुपये मी दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाकते आणि त्याला हात लावत नाही. ते भाडेकरू पुढे पाच वर्षं राहिले.

भाडं वाढवतानाही मी भाडेकरू टिकण्याकडे आधी बघते. बाजारात बावीस मिळत असतील आणि चांगलं माणूस एकवीसला राहत असेल, तर मी एकवीस घेते. महिना हजार सोडले तर वर्षाला बारा हजार जातात. एक महिना घर रिकामं राहिलं आणि एजंटचा एक महिना गेला तर चाळीसच्या वर.

भाचीने फ्लॅट घेतला नाही. निदान तो नाही. तिने वही नेली आणि दोन आठवड्यांनी फोन केला, एका जुन्या सोसायटीतला पंचेचाळीस लाखांचा वन बीएचके बघितलाय, तिथे भाडं सतराचं आहे. मी विचारलं, भोगवटा प्रमाणपत्र आहे? कन्व्हेयन्स झालंय? मिळकतकराचं बिल सवलतीचं की पूर्ण? ती म्हणाली, बिल मागवलंय.

त्याच आठवड्यात माझे पाच वर्षांचे भाडेकरू घर सोडून गेले, त्यांनी स्वतःचं घेतलं होतं. टेम्पो खाली उभा होता. आम्ही जुनी यादी हातात घेऊन फिरलो, चार पंखे, चारही चालू, गीझर चालू, बाथरूमची फरशी कोरडी. मीटरचा फोटो काढला, राहिलेल्या युनिटांचे ७४० रुपये डिपॉझिटमधून वजा केले आणि उरलेले ५९,२६० तिथेच उभ्या उभ्या त्यांच्या खात्यात टाकले. त्यांच्या फोनवर मेसेज वाजला तेव्हा भाडेकरू ताईंनी तीन चाव्यांचा जुडगा माझ्या हातावर ठेवला, आणि गॅलरीतली तुळस तशीच ठेवून जाऊ का, असं विचारलं.